आवाज बंद ठेवलेले सिनेमे

४ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
ताईचे अनेक आशीर्वाद.

वाचनालयातल्या नोकरीत आता रुळले आहे. शनिवारी संध्याकाळी इथल्या सभागृहात सिनेमा दाखवतात आणि येणाऱ्यांच्या हाती द्यायचं पानभर मत मी लिहिते. घरातली पहिली पदवीधर निदान इतक्या तरी कामाला आली!

मला विनोदी सिनेमे आवडतात, पण जरा तिरपागडे. पडणं-धडपडणं नाही, माणूस मनापासून काहीतरी करतोय आणि जगाला त्याचा पत्ताच नाही, असे. वयात येणाऱ्या मुलामुलींचे सिनेमेही आवडतात, मात्र शेवटी केस कापले की मुलगी मोठी झाली, असं दाखवलं की डोकं फिरतं.

रविवारी टीव्हीवर लागणारा सिनेमा जरूर बघ, आमच्याकडे नुकताच दाखवला. एका मुलीला जुनी गाडी मिळते, ती फक्त मागेच जाते. तरी ती त्याच गाडीतून घर सोडते. मी लिहिलंय की हा मागासलेल्या समाजावरचा घणाघात आहे. तुझं मत कळव. आईला मात्र ओढून बसवू नकोस. तिला सिनेमाचं वेड नाही.

घरी सर्वांची आठवण काढणारी,
ताई

१२ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आईला सिनेमाचं वेड नाही? ताई, तू कुठल्या घरात वाढलीस गं?

तू भिंतीकडे तोंड करून टेबलाशी अभ्यास करायचीस ना, तेव्हा तुझ्या पाठीमागे आमचा टीव्ही आवाज बंद करून चालू असायचा. शर्टांना बटणं लावता लावता आई सगळ्यांचे संवाद स्वतः रचून माझ्या कानात कुजबुजायची. बाबा तर हसू फुटू नये म्हणून टॉवेल तोंडात कोंबायचे. आता आवाज मोठा करायला कुणाची मनाई नाही, पण आम्हालाच तो नको वाटतो. मध्येच खरी माणसं बोलायला लागली की रंगाचा बेरंग होतो.

परवाच्या सिनेमात गाडी शिकवणाऱ्या मास्तराला आईने आपल्या घरमालकीणबाईचा आवाज दिला. ब्रेक दाबण्याआधी परवानगी का नाही घेतली, म्हणून तो त्या मुलीला फाडून खात होता. शेजारच्या काकूंना ठसका लागला. हो, हल्ली त्याही येतात.

घणाघात काही दिसला नाही. कुठे होता?

उत्तराची वाट पाहणारी,
भिंगरी

१९ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून हसू यायला हवं होतं. ते आलं नाही.

इतकी वर्षं मला वाटायचं, माझ्यासाठी सगळं घर मुकाट्याने बसतं. त्या शांततेचं ओझं वाटायचं मला. वाटायचं, आपण शिकलो तर या सगळ्यांचं सोनं होईल. आणि माझ्या पाठीशी तुमचं नाटकगृह चालू होतं! एकदा तरी खांद्यावर टिचकी मारायची होतीस. एखाद्या विषयात नापास झाले असते, चाललं असतं.

शनिवारी सगळे गेल्यावर सभागृहात एकटीच बसले आणि सिनेमाचा आवाज बंद केला. पडद्यावर एक मुलगा तोंड हलवत होता. मला एक वाक्य सुचेल तर शपथ! नुसता पंखा ऐकू येत होता.

मला तुझा हेवा वाटतो. काकूंचासुद्धा वाटतो, आणि त्या तर मला आवडतात. तू तरी अभ्यास करतेस का? की तुझ्यासाठी कुणी काही बंद करायची गरजच पडत नाही?

खोचक लिहिलंय, पण खोडणार नाही.

ताई

२५ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न.

अभ्यास करते, आणि तोही गोंगाटात. आता माझं ऐक.

हेवा तुला वाटतो? आईच्या प्रत्येक सिनेमात नायिका कोण असते माहीत आहे? थोरली. सोनेरी केसांची असो, सत्तर वर्षांची असो, आई तिला थोरलीच म्हणते. मग थोरली परीक्षेला निघते, थोरली चोराला व्याकरण शिकवते. मी आजवर कंडक्टर झाले, नायिकेची आगाऊ मैत्रीण झाले, एकदा तर फ्रिज झाले. कुत्रा कायम मीच. मी शेजारी, मांडीला मांडी लावून बसलेली असते आणि आई तुझ्या पाठीकडे बघत तुझ्याच गोष्टी सांगत असते. ती पाठ आता तिथे नाही, तरी तेच.

त्या गाडीच्या सिनेमाचा शेवट मागच्या पत्रात मुद्दामच लिहिला नव्हता. मुलगी गाडीत बसली तेव्हा आई पहिल्यांदाच गप्प झाली. हातातलं बटण तसंच राहिलं. मग कुणाचाही आवाज न काढता, तिच्या स्वतःच्या आवाजात म्हणाली की पोरगी हुशार आहे, वळणापर्यंत घर दिसत राहावं म्हणून गाडी उलटी नेतेय. आणि सिनेमा संपायच्या आत चहा ठेवायला उठून गेली.

ते बटण मग काकूंनी लावलं.

तुझीच,
भिंगरी (कुत्रा)

३ मार्च

चि. भिंगरीस,
ताईचे खूप खूप आशीर्वाद.

ते पान पुन्हा लिहायला घेतलंय. घणाघात काढून टाकला. त्या जागी काय लिहावं ते अजून जमत नाही.

पुढच्या शनिवारी रजा टाकून घरी येते आहे. टेबल भिंतीपासून ओढून बाहेर काढून ठेवा, मला तुमच्या मधोमध बसायचंय. आवाज बंदच राहू दे. आईला सांग, या खेपेला नायिका भिंगरी असेल, ताईचा हट्ट आहे म्हणावं. ती कुरकुरेल, पण तू मागे हटू नकोस.

कुत्र्याचं काम माझ्यासाठी राखून ठेव. हळू भुंकेन.

आई-बाबांना नमस्कार. काकूंनाही बोलाव. तुम्हा सगळ्यांच्या मायेत माझ्यापुरती जागा धरून ठेवा.

तुझी,
थोरली