शनीला शोभेल असा आयपीस

१२ ऑक्टोबर, सकाळी ११
दुर्बीण आली. सत्तर मिलिमीटरची, तीन पायांची. खोक्यावर ग्रहांचे रंगीत फोटो आहेत. ते याच दुर्बिणीतून काढलेत असं कुठेही लिहिलेलं नाही, पण तसं वाटावं अशी व्यवस्था आहे.

कारण नोंदवून ठेवतो. सासरे दोन वर्षांपासून आमच्याकडे असतात. जन्मभर घड्याळं दुरुस्त केली. डावा डोळा जुनाच गेलेला. आता उजव्या डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजत चाललाय. डॉक्टर म्हणतात, नजर काही महिनेच, जास्त धरून चालू नका. परवा जेवताना हिने त्यांना विचारलं, बाबा, काही बघायचं राहिलंय का. मला वाटलं समुद्र वगैरे म्हणतील. म्हणाले, शनीचं कडं, एकदा स्वतःच्या डोळ्यानं.

मी तिथल्या तिथे सांगून टाकलं, जबाबदारी माझी. लग्नाला एकोणीस वर्षं झाली, या गृहस्थांनी मला एकदाही बरं म्हटलेलं नाही. लग्नातलं माझं घड्याळ कानाशी धरून 'ठीक आहे' म्हणाले होते, ते घड्याळाला.

संकल्प: पंधरा दिवसांत कडं.

१२ ऑक्टोबर, रात्री ८
गच्चीवर गेलो. काहीच दिसलं नाही. आकाश खराब असणार. अर्धा तास फोकस फिरवला. ही वर आली आणि पुढचं झाकण काढलं का म्हणून विचारलं.

मी बाटल्यांच्या झाकणांच्या कारखान्यात क्वालिटीला आहे. एवढंच म्हणेन की झाकण उत्तम होतं. इतकं व्यवस्थित बसलेलं की लक्षातच येऊ नये.

१४ ऑक्टोबर
शनी सापडला. दुर्बिणीसोबत दोन आयपीस आलेत, म्हणजे डोळा लावायच्या नळ्या. एकावर २५ लिहिलंय, दुसऱ्यावर १०. पंचवीस लावला. शनी तिळाएवढा. कडं आहे, नाही असं नाही. तिळाला कान फुटावेत तसं.

ही म्हणाली, बाबांना बोलावते. मी नको म्हटलं. माणसाने आयुष्यात एकच गोष्ट मागितली आणि आपण त्याला तीळ दाखवायचा? सासरे स्वेटर घालून जिन्यात येऊन उभे होते. त्यांना समजावून परत पाठवलं. तयारी झाली की रीतसर बोलावतो म्हटलं. त्यांनी स्वेटर काढून घडी घालून ठेवला.

१७ ऑक्टोबर
पंचवीसने तीळ दिसतो. मग चाळीस मागवला. साधं गणित आहे. लोक उगाच या छंदाला अवघड म्हणतात.

दहा नंबरला हातही लावला नाही. दहाने तर खसखस दिसेल.

२४ ऑक्टोबर
चाळीस आला. देखणा, जड, हातात घेतल्यावरच कळतं की चीज आहे. लावला. शनी आणखी लहान झाला. अर्थात तुलना करायला असा एक आयपीस संग्रही लागतोच.

सासऱ्यांनी खालून नंबर विचारला. सांगितला. तर म्हणे आमच्या डोळ्याला लावायच्या भिंगावर आकडा जितका लहान, तितकं मोठं दिसायचं. मी शांतपणे सांगितलं, घड्याळाचं वेगळं आणि आकाशाचं वेगळं.

२६ ऑक्टोबर
आकाशाचंही तेच असतं. दुर्बीणवाल्यांच्या ग्रुपवर विचारलं तेव्हा सत्तावीस जणांनी हसण्याची चिन्हं पाठवली. आकडा लहान तितका ग्रह मोठा. हे मी घरी स्वतःच्या अभ्यासातून म्हणून सांगितलं. सासरे 'हं' म्हणाले.

ग्रुपचा अ‍ॅडमिन म्हणतो, दहा लावा, बाबांना दाखवा, मोकळे व्हा. या लोकांना ध्येयच नाही. दहा तर खोक्यातून फुकट आलाय. पंधरा दिवसांची मुदत उद्या संपते. ती मुदत चाळीससाठी होती असं धरतो.

२ नोव्हेंबर
चार नंबरचा मागवला. यापेक्षा लहान आकडा दुकानदाराकडे नव्हता. त्यानेही विचारलं, सत्तरच्या दुर्बिणीला कशाला. दुकान चालवणाऱ्या माणसाने गिऱ्हाईकाची हिंमत खचवू नये.

यायला तीन आठवडे. तोवर लेन्सवरच्या कोटिंगचा अभ्यास.

११ नोव्हेंबर
अभ्यास जोरात. ऑफिसात झाकणांच्या तक्त्यामागे कोटिंगचा तक्ता उघडून ठेवतो. आज साहेबांनी पाहिला. त्यांना वाटलं नवीन झाकणाचं कोटिंग आहे. 'गुड' म्हणाले.

आठवडाभर संध्याकाळी आकाश धुतल्यासारखं स्वच्छ होतं. वाया गेलं म्हणता येणार नाही, कारण चार नंबर यायचाच होता.

२३ नोव्हेंबर, संध्याकाळी ७.३०
चार नंबर आला. शनी मोठा झाला. मात्र अंधुक. मोठा, अंधुक आणि थरथरता. पापणी काचेला घासते. पाऊण मिनिटात ग्रह आपोआप बाहेर सरकतो, मग पुन्हा शोधा.

कारणं: १) हवा. २) समोरच्या बिल्डिंगचे एसी. ३) ही गच्चीवर चालते.

खाली आलो तर सासऱ्यांनी आयपीस हातात मागितला. बोट फिरवून बघितलं, खिडकीकडे धरला. म्हणाले, याला डोळा अगदी चिकटवावा लागेल, मला चष्मा काढावा लागेल. आणि फार मोठं करायला गेलं की उजेड कमी होतो, हे मी पोरवयात शिकलो. मग म्हणाले, साधं असेल तरी चालेल हो मला.

त्यांच्या बोटाचा ठसा उमटला काचेवर. शर्टाने पुसला. आता एक बारीक रेघ दिसते. ठशापेक्षा रेघ बरी.

५ डिसेंबर
उपाय सापडला. दुप्पट करणारी नळी मिळते. ती मधे घातली की कुठलाही आयपीस दुप्पट मोठं दाखवतो. म्हणजे चार नंबर दोनसारखा चालेल. साडेतीनशे पट. ग्रुपवर टाकलं. अ‍ॅडमिनने फक्त हात जोडल्याचं चित्र पाठवलं. आदराने पाठवलं असावं.

९ डिसेंबर
ही सासऱ्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली होती. जेवताना त्याबद्दल काही सांगत होती. मी तिला हिरव्या आणि जांभळ्या कोटिंगमधला फरक समजावत होतो. अर्ध्यातून उठून गेली. तिला तांत्रिक गोष्टींत रस नाही, हा काही तिचा दोष नाही.

१३ डिसेंबर
सासऱ्यांनी पेपर वाचणं सोडलं. बरं झालं, राजकारणावरून डोकं पिकवायचे. ही रोज सकाळी मथळे वाचून दाखवते. लाड आहेत.

दुसरी गोष्ट जास्त लागली. हल्ली माझ्याशी बोलताना माझ्या तोंडाकडे बघत नाहीत. कानाकडे बघतात. उशीर झाला म्हणून राग असेल तर सरळ बोलावं. हा असा अपमान घड्याळवाल्यालाच सुचतो. आज चहा कपाच्या बाहेर ओतला आणि मी पुसत होतो तरी माझ्याकडे बघितलं नाही.

मीही मनाला लावून घेतलं नाही. रात्री फक्त अर्धीच पोळी खाल्ली.

१९ डिसेंबर
दुप्पटवाली नळी आली. ढग.

वेळ सत्कारणी लावावा म्हणून सासऱ्यांचा क्लास घेतला. दुर्बिणीत अंधुक वस्तू बघायची एक युक्ती असते. सरळ बघायचं नाही, नजर जराशी बाजूला ठेवायची, म्हणजे वस्तू जास्त नीट दिसते. मला वाटलं अवघड जाईल. तर म्हणाले, ते जमतंय मला हल्ली. चांगला विद्यार्थी आहे माणूस, उगाच गैरसमज होता माझा. ही दारात उभी होती, ती आत निघून गेली.

२८ डिसेंबर
शनी आता अंधार पडताच पश्चिमेला कललेला असतो. साडेआठ-नऊला समोरच्या पाण्याच्या टाकीमागे जातो. काही आठवड्यांत सूर्याच्या उजेडात बुडेल, मग कित्येक महिने नाही. मला घाई नाही, पण शनीला आहे.

नळी आणि चार नंबर, दोन्ही मिळून लावले. ताकासारखं काहीतरी दिसलं. फोकस आहे की नाही ते कळत नाही. हिला म्हटलं, अजून एक आठवडा दे, स्पष्ट दिसलं पाहिजे.

ती म्हणाली, "तुला खरंच काही दिसत नाहीये का?"

मी तेच तर सांगत होतो.

मग म्हणाली, जे काय असेल ते दाखव बाबांना. शनिवारी. आणखी काही मागवलंस तर मी दुर्बीण जिन्यावरून खाली सोडीन. आवाज चढवला नाही. म्हणून घाबरलो.

३ जानेवारी, संध्याकाळी ७
आकाश स्वच्छ. कुठला लावायचा? दहा नंबर आजवर डोळ्याला लावलेला नाही, आज ऐन वेळी नवा प्रयोग नको. पंचवीस म्हणजे तीळ. अडीच महिने थांबवून तीळ दाखवला तर मी यांच्यासमोर उभा कसा राहू? साडेतीनशे पट. ठरलं.

७.५० झाले. शनी काचेत आणला. थरथरतोय, पण कड्यासारखं काही आहे. सगळ्यांना वर बोलावतो.

३ जानेवारी, ८.२०
झालं! हे पान जपून ठेवायचं.

सासरे इस्त्रीचा शर्ट घालून आले. केस विंचरलेले. भिंतीला हात लावत, हिच्या आधाराने. जिना नाही म्हटला तरी अवघडच आहे. स्टूल चाचपून बसले, चष्मा काढून हिच्या हातात दिला, डोळा लावला. मी श्वास धरून उभा. बराच वेळ डोळा काढला नाही. मग म्हणाले,

"दिसलं. कडं आहे. मधे फट आहे, अगदी सुटं आहे कडं. छान दाखवलंत तुम्ही."

छान. तुम्ही. एकोणीस वर्षांनी. माझे डोळे भरून आले, लपवायचं काही कारण नाही. ही त्यांना खाली घेऊन गेली. तिचेही भरले होते.

३ जानेवारी, ८.४०
सामान आवरण्याआधी एकदा मीही बघावं म्हणून डोळा लावला. काळं. दुर्बीण हलवली नव्हती. हिशेब केला. साडेतीनशे पटीला ग्रह मधोमध आणला की सतरा सेकंदांत काचेबाहेर जातो. नुसतं स्टुलावर बसायलाच त्यांना मिनिटभर लागलं होतं.

धावत खाली गेलो. हिला स्वयंपाकघरात गाठून सांगितलं, बाबांना पुन्हा वर आण, शनी काचेत नव्हताच, मी परत लावतो, टाकीमागे जायला थोडा वेळ आहे.

ती ओट्याला टेकून उभी होती. म्हणाली, "राहू दे आता. मधलं दिसणं सगळं गेलंय त्यांचं. डॉक्टरांनी गेल्या महिन्यात नऊ तारखेला सांगितलं. तुझा चेहरासुद्धा दिसत नाही त्यांना."

मला का नाही सांगितलं, विचारलं. म्हणाली, त्याच दिवशी मी सांगत होते जेवताना. नंतर बाबाच नको म्हणाले. एवढा जीव लावून करतोय माझ्यासाठी, करू दे, म्हणाले.

गच्चीवर परत गेलो. शनी टाकीमागे गेला होता.

४ जानेवारी, सकाळ
सासरे खिडकीशी बसले होते. मला माफी मागायची होती. काय बोलायचं ते पाठ करून गेलो होतो. मी तोंड उघडायच्या आत त्यांनीच शेजारी बसायला सांगितलं. म्हणाले, काल सगळे लगेच खाली आलो, तुमचं बोलणंच राहिलं. तुम्हाला कसं दिसलं कडं, ते सांगा ना जरा.

सांगायला गेलो आणि काही आठवेना. कोटिंगचे रंग आठवले, पापणी कुठे घासते ते आठवलं, आकडे आठवले. अडीच महिने मी आयपीसच बघत होतो. शनीकडे नीट, निवांत असं मी एकदाही बघितलं नव्हतं.

मग खोक्यावरच्या फोटोत आहे तसं सांगितलं. पिवळसर गोळा, त्याभोवती कलतं कडं, कड्यात एक बारीक काळी रेघ.

ते लक्ष देऊन ऐकत होते. म्हणाले, "हो, मला पण तसंच दिसलं."