सातचं ताट

बाबा,

परवा कंपनीत तब्येतीच्या तपासणीचं शिबिर होतं. हो, मी आता कळमेश्वरलाच कामाला आहे, तुमच्याच एमआयडीसीत, तुमच्यासारखाच दर आठवड्याला शिफ्ट बदलत. कॉलेज अर्ध्यात सोडलं तेव्हा 'तुमच्यासारखं मशीनपुढं मरायचं नाही मले' असं तोंडावर बोललो होतो. डॉक्टर मॅडमनी बोटाचं रक्त घेतलं आणि पहिलं काय विचारलं असेल? काय खाता ते नाही. रात्री किती वाजता जेवता. म्हणाल्या, शरीराला आतून घड्याळ असतं. दिवस मावळला की ते साखर आवरायला सुस्तावतं. झोपेच्या तोंडावर भरपेट जेवलं तर रक्तात साखर रेंगाळते, बीपीही रात्री जेवढं उतरायला हवं तेवढं उतरत नाही, मग हृदयाला विसावा मिळत नाही. मी ऐकत होतो, आणि मला आपला स्वयंपाकघराचा उंबरा दिसत होता.

तुमच्या डॉक्टरनंही हेच सांगितलं होतं, साध्या शब्दांत. साखर आहे, छातीही बरी नाही, तर रोज सातला जेवा. तुम्ही साहेबाच्या मागे लागून दिवसपाळी मिळवली, सहाला घरी यायला लागलात. महिनाभर आपण तिघं सातला बसलो आणि तुमची साखर खाली आली. तुम्ही तो रिपोर्ट शेजाऱ्यांना दाखवत फिरलात, जसा काही माझा निकाल होता.

मग माझं कामठीच्या पोरीचं प्रकरण निघालं. तिच्या घरी स्थळं पाहणं सुरू झालं होतं, मला लगेच कमवायचं होतं. तुम्ही एवढंच म्हणालात, "आधी शिक गा. आज तू पाहिजे असशीन, तं शिकलेला तू उद्याही पाहिजे राहीन तिले. नाही राहिला, तं समजून घेजो." मी पाण्याचा गिलास भिंतीवर फेकला. तिथला पोपडा अजून तसाच आहे. दुसऱ्या दिवसापासून मी अकराच्या आत घरी आलो नाही.

आपल्या घरची रीत मला माहीत नव्हती असं नाही. शेवटचा माणूस उंबऱ्याच्या आत आल्याशिवाय ताटं वाढायची नाहीत. तुमच्या गावाकडून आलेली रीत. माहीत होती म्हणूनच उशीर करायचो. अकरा वाजलेत, तुम्ही भिंतीला टेकून पेंगताय, आई तिसऱ्यांदा वरण गरम करतेय. "म्या किती म्हटलं, तुमी जेवून घ्या," ती माझ्यासमोर कुरकुरते, "आयकतच नाही." तुम्ही डोळे उघडता. "घरचा माणूस बाहेर अन् मी गिळू काय वं?" मग माझ्याकडे वळून, "काहून गा, कामठीवाले जेवू नाही घालत काय तुले?" मी हसत नाही. तुम्ही भाकरी मोडता, जेवता आणि तसेच आडवे होता. पहाटे पाचला उठून पुन्हा कामावर.

असे आठ महिने. एका पहाटे बस पकडायला निघालात आणि दारातच छाती धरून खाली बसलात.

मी मॅडमना विचारलं, एखादा माणूस आठ महिने असा जेवला तर मरतो का? त्यांनी चष्मा काढून पाहिलं माझ्याकडे. म्हणाल्या, एकाच गोष्टीवर बोट नाही ठेवता येत. आधीची साखर, इतकी वर्षं शिफ्ट, सगळंच असतं. सोडलंही नाही त्यांनी मला, पकडलंही नाही.

आई अजून रीत पाळते. म्हणून दुसऱ्या पाळीत मी सातला कॅन्टीनमधून फोन लावतो. "बसली काय वं?" "बसली. तू?" मग दोघं जेवतो, फोन ताटाजवळ ठेवून. तुमच्या वेळीही फोन होता माझ्याकडे.

हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून एक गोष्ट लिहून टाकतो. त्या पोरीनं मला तिसऱ्याच महिन्यात नको म्हटलं होतं. नंतरचे पाच महिने मी कामठीला गेलोच नाही. आपल्याकडून कामठीची बस सुटते त्या थांब्यावरच बसून राहायचो. सातला तुमच्यासमोर बसलो असतो तर तुम्ही तोंड पाहून ओळखलं असतं, आणि तुमचं बरोबर निघालं हे मला तुम्हाला कळू द्यायचं नव्हतं.

भूक मलेही सातलेच लागत होती, बाबा.