थोरली, धाकटी आणि शाहंदाचं लग्न

दुमियात, मंगळवार, दुपारचा चहा झाल्यावर

आदरणीय मेहुणे हाजी वगदी यांस,

रिफअतचे मनापासून सलाम. पोर्ट सईदची हवा आपल्या छातीला मानवत असेल, गुडघा जिना चढू देत असेल आणि सूनबाई जेवणात मीठ बेताने घालत असतील, असे धरून चालतो. इकडे आम्ही दोघे बरे आहोत. (हे 'आपल्या' वगैरे अशासाठी की इन्साफ समोर बसून द्राक्षाच्या पानांत भात गुंडाळते आहे. तिच्या थोरल्या भावाला दुसऱ्या कुणी एकेरी लिहिलेलं तिला खपत नाही. आता पातेलं घेऊन आत गेली. तर वगदी, ऐक.)

शाहंदाच्या लग्नाला तू आला नाहीस, तुझा गुडघा आडवा आला. एका अर्थी बरंच झालं. माझी फजिती बघणारं एक माणूस कमी झालं आणि ती सांगायला एक उरलं.

महिन्यापूर्वी आमची ही नात माझ्या बंद स्टुडिओच्या पायरीवर येऊन बसली आणि म्हणाली, "आजोबा, माझ्या लग्नाचे फोटो तुम्हीच काढायचे. जुन्या कॅमेऱ्याने, रिळावर. आणि कुणाला कळू न देता. कुणी रांगेत उभं राहायचं नाही, कुणी कॅमेऱ्याकडे बघायचं नाही." छत्तीस फोटोंचं एकच रीळ तिने कैरोहून मिळवलं होतं. पाहुण्यांचे मोबाइल दारातच टोपलीत ठेवून घ्यायचे, असंही ठरवलं होतं. म्हणजे या लग्नाचे जगात जे काही फोटो उरणार, ते माझे छत्तीस. मी तिथल्या तिथे हो म्हणालो. ती वळणावर दिसेनाशी झाली तेव्हा लक्षात आलं की असा फोटो मी आयुष्यात एकही काढलेला नाही.

तुला सांगायला नकोच, सत्तेचाळीस वर्षं या गावाला मी एकच धडा दिला: हनुवटी वर, पोट आत, श्वास रोखा. शाळेचा दाखला, ओळखपत्र, साखरपुडा, हजचा पासपोर्ट, सगळं गाव माझ्या त्या एका स्टुलावरून उठून गेलेलं आहे. आता मी नुसता मासळीबाजारात शिरलो तरी बोयटं विकणाऱ्याची हनुवटी वर जाते. खुर्च्या बनवणारे हाजी दसूकी तर मी समोरून आलो की पोट आत घेऊन श्वास धरतात, आणि मी कोपऱ्यावरून वळेपर्यंत सोडत नाहीत. (त्यांना दम्याचा त्रास आहे. मी हल्ली त्या गल्लीतून भरभर चालतो.) अशा माणसांचे नकळत फोटो कसे काढायचे?

तेव्हा मी युक्ती काढली. (मला युक्त्या सुचतात, फक्त पार पडत नाहीत, हे तू पाचवीतच म्हणाला होतास.) आपल्या दोन कॅमेऱ्यांपैकी थोरली, म्हणजे स्टुडिओतली जड, तिला रिकामीच तिपाईवर उभी करायची, वर ताटाएवढा चकचकीत फ्लॅश. मागे इन्साफ. तिने अधूनमधून हँडल फिरवायचं, कळ दाबायची, खटका वाजला की झालं. गाव बिचारं थोरलीकडे बघत श्वास रोखून उभं राहील, आणि त्यांनी तो सोडला रे सोडला की मी ते रीळ घालून कोटाच्या आत दडवलेल्या छोट्या धाकटीने बाजूने टिपून घेईन. इन्साफला बजावलं, "मला हाक मारायची नाही. मी तिथे नाहीच असं समजायचं." ती म्हणाली, "ते मला जमेल."

लग्नाच्या सकाळी रीळ भरायला बसलो. हातात रीळ आलं की माझ्या तोंडात कविता येते, ही आपली डार्करूमची सवय. अतिया मास्तरांनी घोटून घेतलेली ती हौदावरच्या हरणाची. चौदा कडवी, सावकाश तीनदा म्हटली की फिल्म धुऊन तयार, आपल्याला घड्याळ म्हणून कधी लागलंच नाही. त्या दिवशी मात्र नववं कडवं येईना. हरीण हौदाशी येतं, पाण्यात स्वतःला बघतं, आणि मग? वगदी, मी त्या हरणामागे थेट पाचवीच्या वर्गात गेलो, खिडकीजवळच्या आपल्या बाकावर, तू दौत सांडलीस त्या निळ्या डागापाशी. लिंबाच्या झाडावर ऊन होतं. किती वेळ बसलो कोण जाणे. परत आलो तेव्हा रीळ भरून झालं होतं. हातांनी आपलं आपण भरलं होतं.

दुपारच्या नमाजानंतर नदीकाठच्या अंगणात वरात आली. ढोल, सनई, आणि शाहंदा अशी हसत होती की मला फ्लॅशची लाज वाटली. थोरलीने काम चोख बजावलं. सगळं गाव तिच्यापुढे आपण होऊन रांगेत. मी मात्र खांबांआडून, झालरींमागून, एकदा मशब्बकच्या मिठाईच्या टेबलाखालून (उजवी बाही पाकात भिजली, मुंग्या अजून कोटाची विचारपूस करतात) धाकटीचा खटका वाजवत होतो. तेवढ्यात हाजी दसूकी टेबलाखाली डोकावले.

"रिफअत, बरं नाही का तुला?"

"मी इथे नाहीये, हाजी."

"बरं," ते म्हणाले, आणि वाकल्या वाकल्या हनुवटी वर करून श्वास रोखला. मी कळ दाबली नाही तर तसेच राहतील म्हणून दाबली.

छत्तीस झाले. सदतीस झाले. चाळिसाव्याला मी मनात म्हटलं, पोरीच्या पायगुणाची बरकत. बावन्नाव्याला बरकतीवरचा विश्वास उडाला. तुला आठवतं, माझ्याकडे कॅमेरा शिकायला लागलास तेव्हा तुला मी हजारदा ओरडलो होतो: फिल्म पुढे सरकवताना डावीकडचं बटण आपोआप फिरतंय का बघ, नाही फिरलं तर आत काही नाही. मी बघितलं. ते स्वस्थ होतं. स्वयंपाकाच्या तंबूमागे जाऊन धाकटी उघडली. आत कोळी राहायला येईल इतकी रिकामी.

तसाच धावत तिपाईकडे आलो. इन्साफ म्हणाली, "अहो, तुम्ही नाहीच आहात, तरी विचारते. हिचं हँडल आता फिरत नाही."

म्हणजे कळलं ना तुला? हातांना युक्ती कुणी सांगितली नव्हती. सत्तेचाळीस वर्षं लग्नाचं रीळ थोरलीत जातं, म्हणून त्यांनी ते थोरलीत घातलं. माझ्या नातीच्या लग्नाचे छत्तीसच्या छत्तीस फोटो रिकामा कॅमेरा समजून कळ दाबणाऱ्या बाईने काढले आहेत. आभाळ असेल, नदी असेल, फार तर हनुवट्या असतील. शाहंदाने मागितलं होतं ते एकही नसेल. लग्न काही पुन्हा लावता येत नाही. ती रोज फोन करते, "आजोबा, धुतले का?" आणि मी सांगतो, हरीण अजून हौदावरच आहे. ती हसते. ते हसणं ऐकवत नाही रे.

असो. इन्साफ बाहेर येते आहे. आपल्या गुडघ्यास ऊब असावी, मन प्रसन्न असावे.

आपला नम्र मेहुणा,
रिफअत

ता. क. सोबत चहाचा डबा आहे, त्यात चहा नाही, ते रीळ आहे. आता आपल्या दोघांत डार्करूम तुझीच चालू आहे. कविता तीनदा, घाई न करता.

आणखी ता. क. खरं म्हणजे पत्र याच्यासाठी लिहिलं. फोटो कामाचे नसतील तर तूच शाहंदाला फोन कर आणि सांग की रीळ तुझ्या हातून बिघडलं. तुझ्यावर ती दोन दिवस रागावेल, तू लांब आहेस, तुला कळणारही नाही. माझ्यावर रागावली तर मला शेजारच्या गल्लीत राहून ते बघावं लागेल.

तिसरा ता. क. नववं कडवं आठवत असल्यास कळव.

---

वगदीदादा, यांनी पत्र पोस्टात टाकायला माझ्याकडे दिलं, ते मी किटलीच्या वाफेवर उघडलं. तुला स्वतःवर दोष घ्यायला नको. सत्तेचाळीस वर्षं या माणसाच्या दुकानात हँडल फिरवलंय, आत रीळ आहे की नाही हे माझ्या मनगटाला कळतं. पहिल्याच फोटोला कळलं. हाक मारू नको म्हणाले होते, म्हणून मारली नाही. कळ मोजून छत्तीस वेळा दाबली, आणि ती सगळ्यांनी श्वास सोडल्यावर. शाहंदाला मी त्याच संध्याकाळी सांगितलं. यांना सांगू नकोस, आठवडाभर काळजीत आहेत तर कोथिंबीर निवडून देताहेत.

नववं कडवं मला येतं. तुम्ही दोघं आपल्या अंगणात घोकायचात तेव्हा मी आत भाकऱ्या थापत ऐकायची. त्यात कुणी बघतंय हे हरणाला कळत नाही आणि ते पोटभर पाणी पितं.

रिळात नऊ फोटो यांचे आहेत. टेबलाखालचा मोठा करून पाठव, दुकानात लावायचा आहे. आमच्या लग्नाच्या फोटोतसुद्धा यांनी श्वास रोखलेला आहे. या नवांत ते श्वास घेताहेत.

तुझी इन्साफ