नाणेघाटापलीकडचे पाणी

कल्याण, मार्गशीर्ष शु. ९, शके १८०७

चि. सौ. सगुणा हिस बाबांचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

मी सुखरूप घरी पोचलो. गुडघा जरा कुरकुरतो आहे, पण तो घाटामुळे नव्हे, मुरबाडच्या गाडीवानामुळे. त्याने दिसेल त्या खड्ड्यात चाक घातले. घाट मात्र नेहमीसारखाच सोपा. वैशाखऱ्याला गाडी सोडली, न्याहारी केली आणि जुन्या फरसबंदीवरून रमतगमत वर आलो. आमच्या शाळेतल्या मास्तरांना मी सांगतो की सह्याद्रीत एवढी सोपी वाट दुसरी नाही, पोथी वाचत चढावे. तुझी आई म्हणते, सोपी असेल तर तिथेच राहा.

परतताना दगडांचा अभ्यास करणारा एक साहेब भेटला. तो म्हणाला की हा सगळा डोंगर एके काळी आगीचा रस होता. जमिनीतून उसळला, पसरला, निवला; पुन्हा उसळला. म्हणून कड्याला असे थर, पोळ्यांच्या चवडीसारखे. मी त्याला जकातीचा रांजण दाखवला, आपली गुहाही दाखवली. भिंतीवर वर राजाराणीची नावे कोरलेली आणि खाली मूर्तींची नुसती पावले उरलेली, हे पाहून तो टोपी काढून उभा राहिला.

तू या खेपेसही तांब्या भरून आणलास आणि मी गुहेजवळच्या टाक्याचेच पाणी प्यालो, म्हणून तू तोंड फिरवलेस ते मी पाहिले. वेडी आहेस. लेकीची कूस उजवेपर्यंत तिच्या घरचे अन्नपाणी घ्यायचे नाही, हे माझ्या आजोबांनी पाळले, वडिलांनी पाळले. नऊ वर्षे मी घाटमाथ्यावरून मागे फिरतो, जुन्नरात पाऊल टाकत नाही, ते काय हौसेने? टाके कोणाच्याच घरचे नाही, म्हणून तिथे आपली पंगत. जावईबापूंना आशीर्वाद. तुझी माया आहे तशीच असू दे.

बाबा


जुन्नर, ज्येष्ठ शु. २, शके १८०८

तीर्थस्वरूप बाबांच्या चरणी सगुणाचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

हे पत्र आधी आईला वाचून दाखवावे आणि वाचताना खाकरू नये. लाज वाटते म्हणून एकदाच लिहिते. मला पाचवा महिना लागला आहे.

सासूबाई आता मला विहिरीवर जाऊ देत नाहीत. चिंच खावीशी वाटते आणि आईच्या हातची वालाची उसळ. इकडून मात्र रोज एकच विचारणे होते, सासरेबुवा आता तरी घरी येतील ना? मी काल तांबट आळीतून एक फुलपात्र घेतले. लहानसे आहे, काठ जाड आहे. ते घासून वेगळे ठेवले आहे, त्यातून अजून कोणीही पाणी प्यायलेले नाही. पहिले पाणी तुम्ही प्यायचे. यंदा मार्गशीर्षात गुहेत थांबू नका. सरळ पुढे या, घाटघरला गाडी उभी करते. वाट तिथून पुढेही सोपीच आहे, तुम्हाला ठाऊक नाही एवढेच.

लेकरावर लोभ आहेच, तो आणखी एका लेकराला पुरेल एवढा वाढवावा.

सगुणा


कल्याण, आषाढ शु. ११, शके १८०८

चि. सौ. सगुणा हिस अनेक आशीर्वाद.

पत्र वाचताना मी खाकरलो नाही. मला वाचताच आले नाही. शेवटी धाकट्या मधूने वाचले, आणि तुझी आई देवापाशी साखर ठेवायला गेली ती तिथेच बसून राहिली. थोरल्या आनंदला ठाण्याला त्याच दिवशी कळवले. तो लिहितो, मामा होणार म्हणून कचेरीत पेढे वाटले. काम कधी करतो कोण जाणे.

पहिले बाळंतपण माहेरीच व्हायचे. पण या पावसात घाट निसरडा आणि तळेगावचा गाडीरस्ता चिखलाचा. पाऊस ओसरला की नवरात्रात मी स्वतः आगगाडीने येऊन तळेगावाहून तुला घेऊन येईन. तोवर जड उचलू नकोस. आईने जुन्या मऊ लुगड्याची कुंची शिवायला घेतली आहे. बाळाचे डोके केवढे असेल यावरून ती माझ्याशी रोज भांडते.

फुलपात्राचे वाचून बरे वाटले. मार्गशीर्षात तुम्हा दोघांना पोचवायला घरी येईन तेव्हा त्यातूनच पाणी पिईन. काठ जाड आहे हे उत्तम, माझा हात हल्ली थरथरतो. जपून राहा, आम्हाला विसरू नकोस.

बाबा


जुन्नर, आश्विन व. ४, शके १८०८

तीर्थस्वरूप बाबांच्या चरणी नमस्कार.

इकडून तुम्हाला भाद्रपदात कळवणे झालेच आहे. तुमचे सांत्वनाचे पत्रही पोचले. इतके दिवस मला लिहायला बसवले नाही.

आठव्यातच झाली. मुलगी होती. सकाळी जन्मली आणि दिवेलागणीला गेली. दिवसभर माझ्यापाशी होती, बाबा. रडली, जांभई दिली, माझे बोट धरले. केस पुष्कळ होते. सासूबाई चांगल्या आहेत, पण त्या म्हणाल्या की बारसे झाले नव्हते, नाव नव्हते, तेव्हा स्नान केले की संपले. घरात कोणी तिचा विषय काढत नाही. मला दूध येत होते, तेही कोणी विचारले नाही. कुकडीच्या काठी करंजाखाली तिला ठेवली आहे.

मला आता एकच मागायचे आहे. ठरल्याप्रमाणे मार्गशीर्षात या. गुहेत नको, घरी या. मला मूल झाले, बाबा. फुलपात्र ठेवले आहे.

सगुणा


कल्याण, कार्तिक शु. ७, शके १८०८

चि. सौ. सगुणा हिस अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र उशाशी घेऊन निजतो. काय लिहू? तू मागितलेस आणि मी नाही म्हटले असे आजवर झाले नाही. म्हणून आपल्या उपाध्यायांना विचारले, वाड्यातल्या वडीलधाऱ्यांनाही विचारले. सगळ्यांचे एकच मत पडले की मूल नांदते असले पाहिजे. जे राहिले नाही ते धरायचे नाही. नेम मोडला तर पुढच्या खेपेला बाधेल, असेही ते म्हणाले. माझा जीव तिथेच भ्याला. तुझे वय काय आहे? देव पुन्हा देईल.

मार्गशीर्ष शुद्ध पंचमीस नेहमीप्रमाणे गुहेत येतो. आई वालाची उसळ करून देणार आहे. तू ये, पोटभर रड, मी बसेन. रागावू नकोस, बाबांवरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

बाबा


जुन्नर, कार्तिक व. १, शके १८०८

तीर्थस्वरूप बाबांच्या चरणी नमस्कार.

यंदा मी गुहेत येणार नाही. पाय दुखतात असे लिहिणार होते, पण तुम्हाला खोटे कसे लिहू?

लहानपणी तुम्हीच मला त्या गुहेत बोट धरून नेले होते. वरती नावे आणि खाली पावले, मधे काही नाही. मी विचारले होते की हे लोक खरेच होते का. तुम्ही म्हणालात, पाऊल आहे म्हणजे माणूस होते. त्या कोण कुठल्या राजाराणीसाठी तुम्ही साहेबाला टोपी काढायला लावता. माझ्या मुलीचे पाऊल मी हातात धरले होते. माझ्या बोटाएवढे होते. ते राहिले नाही म्हणून ती झालीच नाही, असे सगळे म्हणतात. तुम्ही घरचे पाणी नाकारलेत तर तुम्हीही तेच म्हणालात असे होईल. ते गुहेत, तुमच्यासमोर बसून, आईची उसळ खात मला ऐकवणार नाही.

पुढच्या खेपेचे मला काही सांगू नका. मला ही हवी होती.

सगुणा


कल्याण, कार्तिक व. ८, शके १८०८

चि. सौ. सगुणा हिस आईचे आशीर्वाद.

आईला लिहिता येत नाही, म्हणून ती सांगते आहे आणि मी, तुझा बाबा, लिहितो आहे. एक शब्द गाळलास तर जेवायला वाढणार नाही अशी तंबी मिळाली आहे. तेव्हा पुढचे सगळे तिचे.

बाळ, तुझे पत्र मधूने वाचले. तुझे बाबा ओसरीवर जाऊन बसले. मी त्यांना विचारले, मला मुले किती? ते म्हणाले, तीन: आनंद, सगुणा, मधू. मी म्हटले, मला पाच. आनंदच्या आधी एक मुलगा, तो तीन दिवस होता. तुझ्या पाठीवर एक मुलगी, ती एक रात्र होती. इतकी वर्षे झाली, मी रोज पाच मोजते. पाने वाढताना मोजते, दिवा लावताना मोजते. तुझ्या बाबांनी जगातले सगळे जुने दगड वाचले, पण घरात शेजारी बसलेल्या बाईला कधी विचारले नाही. उपाध्यायांना विचारायला गेले! उपाध्यायांनी किती बाळंतपणे केली? मला विचारायचे. त्यांना म्हटले, आता उठा, जा आणि पोरीच्या घरचे पाणी पिऊन या. मला चढवत नाही, नाहीतर मीच आले असते. कुंची पाठवते आहे. ती तिचीच आहे, दुसऱ्या कोणासाठी ठेवायची नाही.

आईचे संपले. मी गाळलेले काही नाही. सगुणा, मला खरेच तीनच वाटत होती. पंचमीला घाटघरला गाडी उभी कर.

बाबा


जुन्नर, मार्गशीर्ष शु. ८, शके १८०८

तीर्थस्वरूप आईच्या चरणी सगुणाचा शि. सा. नमस्कार. मधू, बाबा इथेच आहेत, म्हणून हे तू वाचायचे आहेस. सावकाश वाच, रेल्वेच्या पावत्या वाचतोस तसे नको.

बाबा पंचमीला आले. गुडघा सुजला होता, तरी गाडीतून उतरताना कोणाचा हात घेतला नाही. वाटेत गुहेपाशी टेकले, पण टाक्याच्या पाण्याला तोंड लावले नाही म्हणाले. उंबऱ्याशी आले आणि तिथेच थबकले. सासूबाईंनी पाय धुवायला पाणी दिले. मग मी फुलपात्र भरून आणले. आई, देताघेता निम्मे पाणी ओटीवर सांडले. उरलेले ते प्यायले. सासूबाईंनी विचारले, नेमाचे काय झाले? बाबा सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाले की नेम पुरा झाला, मी नातीच्या घरी पाणी प्यायलो. सासूबाई आत गेल्या. थोड्या वेळाने मला त्यांचे हुंदके ऐकू आले. त्यांचेही कोणी असेल, मी कधी विचारले नव्हते.

संध्याकाळी आम्ही नदीवर गेलो. करंजाखाली बाबांनी कुंची ठेवली, वर एक काळा दगड ठेवला. बराच वेळ बसले. मी इतकी वर्षे त्यांना रडताना पाहिले नव्हते. मग त्यांनी विचारले की मी तिला मनात काय म्हणून हाक मारते. मी आजवर कोणालाच सांगितले नव्हते. उत्तरा. बाबांनी ते तीनदा म्हटले, बारशाला कानात सांगतात तसे, दगडाशी वाकून.

बाबा चार दिवस राहतील. रोज त्याच फुलपात्रातून पाणी मागतात, तहान नसली तरी. माझे दुःख कमी झालेले नाही, आई. पण ते आता माझ्या एकटीचे नाही.

मधू, इथे वाचायचा थांब. आईला एकदा ते नाव म्हणू दे. आणि आई, मग तुझ्या त्या दोघांनाही तू काय म्हणून हाक मारतेस ते त्याला सांग. तो मला लिहून कळवील.

तुझी,
सगुणा