आत्याचं वर्तुळ

आत्या गं,

तू पळून जाऊन लग्न केलंस, तेव्हापासून बाबांनी घरात तुझं नाव काढू दिलं नाही. गेल्या महिन्यात त्यांच्या आतड्यातला कॅन्सर काढला. पेशींची वाढ आवरणारं एक जनुक त्यांच्यात जन्मापासूनच बिघडलेलं निघालं.

आज डॉक्टरीणबाई आमची वंशावळ काढत होत्या. पुरुषांना चौकोन, बायकांना वर्तुळ. मी तुला वगळूनच सांगत होते. बाबाच गुरगुरले, "एक वर्तुळ राहिलं. धाकटी बहीण आहे मला. हट्टी आहे, पण आहे."

तुलाही तपासणी करायला हवी, हे कळवायला लिहायला बसले. तुझा पत्ता बाबांनी तोंडपाठ सांगितला. मग म्हणाले, "पत्रानं ती ऐकायची नाही. मीच जातो."

चपला घालून बसलेत. मी सोबत येतेय, हे पत्र आधी तुझ्या दाराखालून सरकवेन. दार लवकर उघड, त्यांना फार वेळ उभं राहवत नाही.

तुझी भाची