इंदुमती हुपरीकर नावाचं बनावट खातं

सेक्टर १५, फरीदाबाद
१२ ऑगस्ट २००८

उल्हासराव यांना अविनाश हुपरीकरचा साष्टांग नमस्कार. (कंबरेमुळे तो खुर्चीत बसूनच केला आहे, गोड मानून घ्यावा.) साताऱ्यात सगळे बरे असतील. वहिनींचा गुडघा काय म्हणतो? तुमची बहीण खुशाल आहे, फक्त माझ्याशी कामापुरतंच बोलते. त्याचीच ही हकीकत.

गुडगावच्या नव्या कंपन्यांत पुण्या-मुंबईची मुलं भराभर येताहेत. त्यांना कोकम कुठं मिळतं, गुरुजी कोण बोलवावेत, सरोजिनी नगरला घासाघीस कशी करावी, हे सांगायला आमच्या मंडळातल्या अंशुमननं वेबसाइट काढली. तिच्यात कुणीही लिहावं, कुणीही कुणाचंही दुरुस्त करावं, नावसुद्धा द्यायला नको. (धर्मशाळेतही वहीत नाव लिहून घेतात.) मी मंडळाचा इतिहास लिहिला. त्यात 'पहिल्या गणेशोत्सवात दोनशे माणसांच्या मोदकांची व्यवस्था करण्यात आली' असं एक वाक्य होतं. दुसऱ्या दिवशी त्याखाली कुणीतरी लिहिलं, 'करण्यात आली नाही, चार बायकांनी पहाटेपासून बसून केली,' आणि पुढे चौघींची नावं, त्यांत आमची प्रभाही. मी ते पुसलं. ते परत आलं. असं सहा वेळा झालं.

मग बैठकीत मी ठराव मांडला की खऱ्या नावानं खातं उघडल्याशिवाय कुणाला लिहू देऊ नये. अंशुमन म्हणाला, "काका, चलने दो ना यार, एकाचं चुकलं तर दुसरा ठीक करेल." आमची चिटणीस हेमांगी म्हणाली, खातं आणि पासवर्ड आले की बायका लिहायच्या थांबतील. मी विचारलं, ज्याला बोलायचं आहे त्याला नाव सांगायची लाज का वाटावी? टाळ्या पडल्या, ठराव मंजूर झाला. एकदा बंद केलेलं खातं नावाचा पुरावा दिल्याशिवाय उघडायचं नाही, हे पोटकलमही माझंच.

चौथ्या दिवशी मोदकांची दुरुस्ती पुन्हा हजर, खाली नाव इंदुमती हुपरीकर. आता फरीदाबादेत हुपरीकरांचं घर एक, त्यात बाई एक, आणि तिचं नाव प्रभा. म्हणजे खातं बनावट, हे गणितानंच सिद्ध झालं. मी ते बंद करवलं आणि चहा घेता घेता ही मर्दुमकी घरात सांगितली. तुमच्या बहिणीनं कप खाली ठेवला आणि म्हणाली, "खरं नाव लावा म्हणालात. आईवडिलांनी ठेवलेलं लावलं."

उल्हासराव, लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीनं 'प्रभा' मीच लिहिलं होतं. त्याआधी तिथं कोणतं नाव होतं, ते मी छत्तीस वर्षांत साफ विसरलो. तुम्ही फोनवर इंदू म्हणता ते मला लाडाचं वाटायचं. खरंच लाज वाटते. आता ती कॉम्प्युटरकडे फिरकत नाही. गणपती तीन आठवड्यांवर आले, गुडगावच्या मुली वेबसाइटवर विचारताहेत की उकडीला चांगली पिठी कुठं मिळेल, आणि उत्तर माहीत असलेल्या बाईला मी बाहेर काढून बसलो आहे.

घरातल्या मोठ्यांना नमस्कार, लहानांची पाठ थोपटावी.

तुमचा
अविनाश

ता. क. रेशनकार्ड, बँक, पासपोर्ट, सगळीकडे ती प्रभाच आहे. ती इंदुमती असल्याचा कागद एकच, शाळा सोडल्याचा दाखला, आणि तो तुमच्याकडे असणार. ट्रंक उपसावी लागली तरी शोधून पाठवा. ठराव उत्तम होता यावर मी अजून ठाम आहे, फक्त त्यात माझी बायको बसेना.

ता. क. दुसरा. पाकिटावर माझं नाव नको, इंदुमती हुपरीकर एवढंच घाला. पोस्टमनला मी आजच सांगून ठेवलं. त्यानं विचारलं, "नई आई हैं क्या?" मी म्हटलं, "नहीं, पहले से हैं."