भैयाला विचारायचा सवाल

७ मे, सकाळ
लढाई सुरू झाली. मुकुंदवाडीतून पहिला हल्ला शिवराजभैयानं केला, म्हणजे चौकात फ्लेक्स लावला. वर विमान, मधी गॉगल घातलेला भैया, शत्रूकडं बोट रोखून. जवान खाली कोपऱ्यात, पासपोर्ट साइज. हा माजी नगरसेवक. पाच वर्षांत वॉर्डातली एक नाली ह्याच्यानं साफ झाली नाय, अन् निघाला सीमेवर! असल्या पुढाऱ्यांचा मला मनापासून तिटकारा आहे. ठरवलं, आजपासून एकालाही नमस्कार करायचा नाही.

दुपार
भैया गाडीतून गेला. हात आपोआप वर गेला. ऊन लई होतं, डोळ्यावर धरला असेल.

८ मे
ब्लॅकआउटची तालीम. सायरन वाजला, सगळ्या गल्लीनं दिवे घालवले. बायकोनं, संध्यानं, देवापुढचा दिवाही शांत केला. चालू फक्त भैयाच्या फ्लेक्सवरचा हॅलोजन. शत्रूला दुसरं काही दिसो न दिसो, ह्याचं थोबाड दिसलं पाहिजे! मी जाऊन बंदच करणार होतो. पण खाली त्याचे कार्यकर्ते खुर्च्या टाकून बसलेले. शिवाय अंधारात ठेच लागते.

९ मे
शेजारच्या मंजुळाबाई आल्या. त्यांचा एकुलता रामहरी फौजेत आहे, सीमेवर. लढाई लागल्यापासून त्याचा फोन नाही. बाईंना घास जात नाही. म्हणाल्या, भाऊ, रविवारी भैया जवानांच्या घरच्यांचा सत्कार करणार हाय म्हणं, त्याची वरपर्यंत वळख हाय, माझ्या लेकराची खबर काढा म्हणून तेवढं इचारा, मला मेलीला चार माणसांत बोलता येत नाय. डोळे पुसत होत्या. म्हटलं, नुसतं विचारतो काय, माइकवर बिनपाण्यानं करतो त्याची! तुमचा पोरगा सीमेवर अन् ह्याचा पुण्यात बुलेट उडवतो, हे सगळ्यांदेखत विचारतो.
संध्या म्हणाली, त्याची करू नका, रामहरीचं तेवढं इचारा. बायकांना राजकारण कळत नाही.

१० मे
लढाई थांबली. चौकात ताबडतोब नवा फ्लेक्स: ‘भैयांच्या कणखर भूमिकेला यश’. कुठं घेतली होती भूमिका, रसवंतीवर? लाज नावाची चीज नाय. मंजुळाबाईंना अजून फोन नाही. आरशासमोर सवाल घोकला. आवाज असा भारदस्त लागला की मीच जरा दचकलो.

११ मे, संध्याकाळ
सत्कार झाला. कूलर मंचावर, जवानांच्या आया मागं उन्हात. भैया तासभर बोलला, त्यात जवान दोनदा आला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. उठलो, हात वर केला, म्हटलं मला बोलायचंय. भैया म्हणाला, अरे बद्रीकाका, वर या ना! त्याला माझं नाव माहीत आहे!
वर गेलो. एकानं शाल टाकली, एकानं नारळ दिला, तिसऱ्यानं डोक्यावर फेटा ठेवला. फेटा चढला की माणसाची मान वेगळीच होते. माइक हातात आला. म्हटलं, असं नेतृत्व लाभणं हे मुकुंदवाडीचं भाग्य आहे. टाळ्या पडल्या. मग आणखी बोललो. मंजुळाबाई तोंडाला पदर लावून माझ्याकडंच बघत होत्या. रामहरीचं काढणारच होतो, तेवढ्यात राष्ट्रगीत सुरू झालं. राष्ट्रगीतात बोलणं हा देशाचा अपमान. तो माझ्याच्यानं होणार नाही.

१२ मे
सकाळीच मंजुळाबाई दारात. त्यांनी तोंड उघडायच्या आत मी सांगून टाकलं, काळजी सोडा, भैयांच्या कानावर घातलंय, वर बोलणं चालू आहे, दोन दिवसांत खबर येते.
बाई ऐकत राहिल्या. मग पदराखालची साखरेची वाटी काढली. म्हणाल्या, रातीच रामहरीचा फोन आला, सुखरूप हाय, तेच सांगाया आले व्हते. वाटी संध्याच्या हातात दिली अन् गेल्या. माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही.
संध्यानं वाटी फळीवर नेऊन ठेवली. मग म्हणाली, आता महापालिकेला उभं राहा तुम्ही, काही कमी राहिलं नाय तुमच्यात.
टोमणा होता की सल्ला, कळलं नाही. पण तिकिटाचं मात्र भैयाला उद्याच विचारतो.